धाकटं मत

बरेच वीकेंड कोरडे गेले. आधी रिलीज होतं, मग रिलीजमधले बग, मग ते बग सोडवताना घातलेले नवे बग... असो. ह्या शनिवारी मात्र ठरवून बसलोय, कारण एक गोष्ट काही महिने डोक्यात अडकून पडलीये आणि लिहून टाकल्याशिवाय ती जाणार नाही.

गोष्ट तशी छोटी आहे. २ डिसेंबर २०२५, मंगळवार. राज्यातल्या नगरपरिषदांचं आणि नगरपंचायतींचं मतदान. मी नंदुरबारचा. नोकरीसाठी बाहेर पडून पंधरा वर्षं झाली, पण मतदार यादीत नाव अजून तिथंच आहे. ('कधीतरी करू' ह्या माझ्या यादीत ते काम पासपोर्टच्या पत्त्याच्या खाली आणि पोट कमी करण्याच्या वर आहे.) आदल्या आठवड्यात अप्पांचा फोन आला.

"मंगळवारले मतदान शे. तू यी राहिना ना?"

"अप्पा, रिलीज आहे हो. लोकसभेला आलो होतो की."

अप्पा जरा वेळ गप्प. मग घरच्या अहिराणीतून एकदम शाळेतल्या मराठीवर आले, म्हणजे रागावले. "लोकसभेला एक मत असतं. इथं तीन आहेत. नगराध्यक्षाचं एक, प्रभागातले दोन. तुला एकासाठी रजा मिळते, तिनासाठी नाही?"

आणि फोन ठेवला.

मी काही गेलो नाही. पुढे १५ जानेवारी २०२६ ला महापालिकांचं मतदान झालं. २९ महापालिका, त्यात मी राहतो ते शहरही आलं. (शहराचं नाव सांगत नाही. कुठल्याही मोठ्या शहराचं घाला, वर्णन जुळेल.) इथल्या यादीत माझं नाव नाही. पण सुट्टी होती, ती घेतली आणि दहा वाजेपर्यंत झोपलो. उठून बघतो तर सोसायटीच्या ग्रुपवर टँकरवरून नेहमीची भांडणं चालू होती. मीही दोन मेसेज टाकले, एक रागाचा आणि एक हात जोडल्याचा. म्हणजे दीड महिन्यात माझ्या दोन गावांत दोन निवडणुका झाल्या, आणि मी दोन्हीकडे शून्य.

हे मी ऑफिसात चहाला सांगितलं तर एक मित्र म्हणाला, "अरे, नगरसेवक हवेत कशाला? चांगला कमिशनर असला की झालं. तुमच्या नंदुरबारचंच बघ ना. कोविडमध्ये ऑक्सिजन कुणी आणला? नगरसेवकांनी? कलेक्टरने आणला!"

मुद्दा चुकीचा नव्हता, त्यामुळे जास्तच टोचला. २०२० मध्ये पहिली लाट ओसरत असताना तेव्हाचे कलेक्टर डॉ. राजेंद्र भारूड ह्यांनी जिल्ह्यात हवेतून ऑक्सिजन तयार करणारे प्लांट बसवायला घेतले. २०२१ च्या एप्रिलमध्ये मोठमोठी शहरं सिलिंडरसाठी वणवण करत होती तेव्हा नंदुरबारकडे स्वतःचा ऑक्सिजन होता. देशभर नाव झालं. आम्ही नंदुरबारकर तेव्हा कॉलर ताठ करून फिरलो (घरातल्या घरात, लॉकडाऊन होता).

पण मग अप्पा कशाला रागावले? ह्या प्रश्नाचं उत्तर शोधत मी आमच्या पालिकेच्या इतिहासात शिरलो, आणि वाटलं होतं त्यापेक्षा बरंच काही सापडलं.

आमची पालिका १८६७ सालची. ('नगरपरिषद' हा कागदावरचा शब्द, गावात सगळे 'पालिका'च म्हणतात.) म्हणजे तापी खोऱ्यातली सुरत-भुसावळ रेल्वे यायच्याही तीस-बत्तीस वर्षं आधीची. १८५० च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या गावांना पालिका काढायची सोय झाली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत अशा पालिका बऱ्याच निघाल्या. त्या काळात सभासद 'निवडून' वगैरे येत नव्हते. सरकार नेमायचं. अध्यक्ष म्हणजे बहुधा कलेक्टर किंवा त्याच्या हाताखालचा साहेब, आणि सभासद म्हणजे गावातले वजनदार लोक. साहेबाने ठराव मांडायचा, बाकीच्यांनी मान डोलवायची. थोडक्यात, माझ्या मित्राला हवा असलेला कारभार! चांगला साहेब आला तर चांगलं, नाहीतर पुढच्या बदलीची वाट बघायची.

ह्या मान डोलावणाऱ्यांतला एक अपवाद सगळ्यांना माहीत असायला हवा. जोतिराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेही सरकारनियुक्तच. १८८० च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्चायची टूम निघाली. फुल्यांचं म्हणणं, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला. सगळ्या सभेत एकट्या जोतिरावांनी विरोध केला. ठराव अर्थात पास झाला. पण मला त्यातली दुसरी बाजू लक्षात राहिली. त्या सभेत बसलेल्या बाकीच्यांना पुण्यातल्या कुणालाही उत्तर द्यायचं नव्हतं. ज्यांच्या पैशातून ते हजार रुपये जाणार होते, ते त्यांना पुढच्या खेपेला घरी बसवू शकत नव्हते. मग साहेबाला कोण नाराज करणार?

१८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला. शाळेत आपण 'स्थानिक स्वराज्याचा जनक' एवढं पाठ करून दोन मार्क घेतले आणि विसरलो. त्या ठरावातली गंमत म्हणजे रिपनने कारभार लगेच सुधारेल असं आमिष दाखवलं नव्हतं. उलट सुरुवातीला चुका होतील हे त्याने धरूनच ठेवलं होतं. त्याचं म्हणणं असं की लोकांना राज्य चालवायचं शिक्षण मिळायचं असेल तर सुरुवात गटार-पाणी-दिव्यांपासून व्हायला हवी. प्रॉडक्शनवर हात लावायच्या आधी छोट्या सर्व्हरवर शिका, असंच काहीसं.

त्यानंतर निवडून आलेले सभासद हळूहळू वाढत गेले, पण मत सगळ्यांना नव्हतं. ते घर, मालमत्ता आणि कर ह्यांना चिकटलेलं होतं. जो पट्टी भरतो तो मतदार. बायका जवळजवळ नाहीतच, भाड्याच्या खोलीत राहणारा हमाल नाही, झाडू मारणारा तर नाहीच. गाव सगळ्यांचं, घाण सगळ्यांची, पण मत मोजक्यांचं.

नंदुरबारच्या माणसाला ह्या ठिकाणी ९ सप्टेंबर १९४२ आठवल्याशिवाय राहत नाही. शिरीषकुमार मेहता तिरंगा घेऊन मिरवणुकीत पुढे होता. पोलिसांच्या गोळीबारात तो गेला आणि त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा. शिरीषकुमारला सोळावंही पुरं झालं नव्हतं. ज्या गावात तो मेला त्या गावातल्या बहुतेक मोठ्या माणसांनाही तेव्हा पालिकेचं मत नव्हतं. प्रत्येक प्रौढ माणसाला, घर असो नसो, स्थानिक निवडणुकीत मत मिळालं ते स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या आसपास. लहानपणी दर वर्षी शाळेतून स्मारकाला जायचो तेव्हा हा हिशेब कुणी सांगितला नव्हता. नंतर मीच वर्षं मोजली.

पुढचा काळ भराभर सांगतो, कारण तो कायद्यांचा आहे आणि वाचताना मलाच डुलकी लागली होती. १९६५ मध्ये महाराष्ट्राचा नगरपरिषदांचा कायदा झाला, आजही तोच चालतो. नगराध्यक्ष कधी नगरसेवकांनी निवडायचा, कधी थेट लोकांनी, हे सरकारं बदलतील तसं बदलत राहिलं. १९९३ मध्ये ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली. त्याआधी पालिकेची निवडणूक कधी घ्यायची हे जवळपास राज्य सरकारच्या मर्जीवर होतं. दुरुस्तीने घटनेतच लिहिलं की मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक. त्यासाठी वेगळा राज्य निवडणूक आयोग आला, तो आपल्याकडे १९९४ पासून आहे. बायकांसाठी आधी एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा.

एक गोष्ट मात्र भराभर सोडण्यासारखी नाही. जकात. माझ्या वयाच्या लोकांना गावाबाहेरचा जकात नाका आठवत असेल: बांबूचा आडवा दांडा, ट्रकची रांग, पावतीपुस्तक. पालिकेचा मोठा पैसा तिथून यायचा. आमच्याकडे मिरचीच्या हंगामात गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते, अख्खं गाव शिंकत असतं, आणि मालाची आवक-जावक चालू असते. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि बदल्यात राज्य सरकारकडून अनुदान सुरू झालं. व्यापाऱ्यांना बरं वाटलं. नाक्यावर जे चालायचं ते बघता कुणालाही बरं वाटलं असतं. पण तेव्हापासून पालिकेचा बराचसा पैसा मुंबईहून येऊ लागला, आणि जिथून पैसा येतो तिकडे तोंड करून बसायची सवय माणसाला असतेच. वॉर्डातल्या लोकांना खूश ठेवण्यापेक्षा मंत्रालयातली फाइल हलवणारा माणूस ओळखीचा असणं जास्त कामाचं ठरायला लागलं. 'वर वजन असलेला नगरसेवक' हे कौतुकाचे शब्द झाले ते काही उगाच नाही.

आता अलीकडचं. नंदुरबार पालिकेची आधीची निवडणूक डिसेंबर २०१७ मध्ये झाली. पाच वर्षं म्हणजे डिसेंबर २०२२. आणि पुढची निवडणूक? २ डिसेंबर २०२५. मधली तीन वर्षं प्रशासक. राज्यभर हेच होतं, अनेक महापालिकांत तर त्याहून जास्त. कारण ओबीसी आरक्षणाचा खटला. त्याच्या मुळाशीही आमचा जिल्हा आहे बरं का. मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडणाऱ्या जागा रद्द केल्या, त्या ज्या जिल्हा परिषदांतल्या होत्या त्यांत नंदुरबारही होती. जिल्ह्यात आदिवासी लोकसंख्या दोन तृतीयांशाहून जास्त, त्यामुळे तिथं गणित बसणं अवघडच होतं. ५ ऑक्टोबर २०२१ ला तिथं पोटनिवडणूक झाली. मग प्रभागरचना, मग नवे कायदे, मग तारखांवर तारखा. शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्यायला सांगितल्या. मतदान झालं २ डिसेंबरला आणि मोजणी थेट २१ डिसेंबरला. मतं एकोणीस दिवस यंत्रातच.

आरक्षणाचा प्रश्न खराच होता, त्यावर मी इथं निकाल देत नाही. पण त्या तीन वर्षांत एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. राज्यभरातल्या शहरांमध्ये वॉर्डाचा माणूस कुणी उरलाच नव्हता, आणि मला, एका शिकल्यासवरल्या माणसाला, त्याचा पत्ताही नव्हता. आमदार नसता तर पेपरात आलं असतं. नगरसेवक नव्हता तर कुणाला काही वाटलं नाही.

मित्राच्या मुद्द्याकडे परत येतो. डॉ. भारूडांचं काम मोठंच होतं. २०२१ मध्येच त्यांची बदली झाली. होणारच, कलेक्टरची बदली होते. ते आले ते आम्ही आणले म्हणून नव्हे, आणि गेले तेही आम्ही घालवले म्हणून नव्हे. चांगला अधिकारी ही लागलेली लॉटरी आहे. लागली तर पेढे वाटावेत, पण लॉटरीवर घर चालवत नाहीत. शिवाय साथ आली तेव्हा लागणारा ऑक्सिजन वेगळा आणि रोज सकाळी नळाला येणारं पाणी वेगळं. नंदुरबारला विरचक धरणातून पाणी येतं. त्या धरणातलं पाणी कुठल्या कॉलनीला किती वाजता सोडायचं, कुठली जुनी पाइपलाइन आधी बदलायची, हे ठरवायला तिथं राहणारा माणूस लागतो. आणि त्याला आपली भीती लागते.

इथवर वाचून कुणीतरी म्हणेल, "बरं, पण तुमचा जिल्हा तर भरभरून मतदान करतो. मग?" हा खरा अडचणीचा प्रश्न आहे आणि मी तो टाळू शकत नाही. २०२४ च्या लोकसभेला नंदुरबार मतदारसंघात ७०.६८ टक्के मतदान झालं. पुण्यात ५३.५४, दक्षिण मुंबईत ५०.०६. म्हणजे आयटीवाले, बँकवाले, वकील, सीए ह्यांच्या गावांपेक्षा सातपुड्याच्या डोंगरातले लोक कितीतरी जास्त संख्येने रांगेत उभे राहिले. आणि मानव विकासाच्या यादीत? राज्याच्या २०१२ च्या अहवालात नंदुरबार शेवटचं. २०१८ मध्ये केंद्राने 'आकांक्षित जिल्हे' काढले त्यात नंदुरबार आहेच. (मागास म्हणायचं नाही म्हणून आकांक्षित. आमच्या मॅनेजरने अप्रेजलला वापरावा असा शब्द.)

मणिबेलीचंच बघा. विधानसभा मतदारसंघांच्या यादीत महाराष्ट्रातला पहिला क्रमांक अक्कलकुव्याचा आणि त्यातलं पहिलं केंद्र नर्मदेकाठचं मणिबेली. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली जी गावं बुडाली त्यातलं हे पहिल्या काहींपैकी. १९९४ मध्ये जगभरातल्या संघटनांनी जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसे देणं थांबवावं म्हणून जे निवेदन काढलं त्याचं नावच 'मणिबेली जाहीरनामा'. गावाचं नाव वॉशिंग्टनपर्यंत गेलं. आणि निवडणुकीला मतदान यंत्रं घेऊन कर्मचारी तिथं जातात ते बोटीने. मत पोचतं, रस्ता पोचत नाही.

मग मतदानाने काय होतं?

मला सापडलेलं उत्तर असं: कुठलं मत, हा प्रश्न आहे. नंदुरबार लोकसभेला १९ लाखांवर मतदार आहेत. त्या एका खासदाराकडे माझ्या गल्लीतल्या गटाराचा हिशेब मागता येत नाही आणि तो मागूही नये, ते त्याचं कामच नाही. आपण सगळा उत्साह थोरल्या मतावर खर्च करतो. त्याच्या चर्चा, त्याचे एक्झिट पोल, त्यावरून मित्रांशी अबोला. आणि ज्या मताचा रोजच्या पाण्याशी, कचऱ्याशी, दिव्याच्या खांबाशी संबंध आहे ते धाकटं मत घरी झोपवून ठेवतो.

हे धाकटं मत किती जवळून काम करू शकतं त्याचं उदाहरण आमच्याच जिल्ह्यातून सुरू करता येतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्यात आदिवासी शेतमजुरांची मोठी चळवळ झाली. अंबरसिंग महाराज, पुढे श्रमिक संघटना. आयआयटी मुंबईत शिकून नोकरी सोडून आलेले कुमार शिराळकर त्यात होते. (आपल्यातला एक 'इंजिनिअर', एवढ्यासाठी मुद्दाम सांगितलं.) चळवळ जमिनीची आणि मजुरीची, पण १९७२-७३ च्या सुमारास त्यातल्या बायकांनी दारूचा प्रश्न हातात घेतला. गावोगाव जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली. नवरे मारायचे, घरात खायला उरायचं नाही, कारण तेच. त्या बायकांकडे तेव्हा मडकं फोडण्याशिवाय दुसरं साधन नव्हतं.

पुढे ते साधन आलं. २००८ च्या आदेशाने गावातल्या किमान २५ टक्के बायकांनी किंवा मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानावर गुप्त मतदान घ्यायची सोय झाली. चिन्हं दोन: उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद. पण मेख पुढे आहे. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत. समजा गावात १,००० बायका आहेत. त्यातल्या ४५० आल्या, ४४० जणींनी आडवी बाटली दिली आणि दहा जणींनी उभी. दुकान चालू राहणार! घरी बसलेल्या ५५० जणी उभ्या बाटलीकडे मोजल्या गेल्या. असं होऊन बायका हरल्याची उदाहरणं आहेत, आणि जिंकल्याचीही भरपूर.

मी हा नियम वाचला तेव्हा आधी चिडलो, अन्यायच आहे म्हटलं. मग वाटलं, हा नियम निदान प्रामाणिक आहे. पालिकेच्या निवडणुकीतही हेच होतं, फक्त तिथं कुणी तसं लिहून ठेवत नाही. मी २ डिसेंबरला गेलो नाही म्हणजे काय झालं? जे चाललंय ते चालू दे, असं मत दिलं गेलं.

डोंगराकडच्या भागात तर आता पाड्यालाही आवाज आहे. पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. त्यानुसार एखाद्या पाड्यातल्या मतदारांनी बहुमताने ठराव केला तर त्या पाड्याला स्वतःचं वेगळं गाव म्हणून मान्यता मागता येते, स्वतःची ग्रामसभा करता येते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो, त्याला अबंध निधी म्हणतात, आणि तो कशावर घालायचा ते ग्रामसभेने ठरवायचं असतं. सगळीकडे हे नीट चालतं असा माझा मुळीच दावा नाही. पण कागदावर का होईना, धडगावच्या डोंगरातल्या पाड्याला आपल्या वाट्याच्या पैशावर जेवढा अधिकार आहे तेवढा माझ्या चौदा मजली इमारतीला नाही. आम्हाला फक्त पार्किंगवर भांडायचा अधिकार आहे.

पैशांच्या पाकिटांबद्दल बोललं नाही तर अप्पा हसतील. पालिकेच्या निवडणुकीच्या आदल्या रात्री काही ठिकाणी 'लक्ष्मीदर्शन' होतं हे कुणापासून लपलेलं नाही. "म्हणूनच आम्ही जात नाही" हे शहाणपण आपल्या वर्गात फार ऐकू येतं. पण नीट विचार करा. पाकीट वाटणारा माणूस फुकट पैसे घालवत नाही. वॉर्ड लहान, शे-दोनशे मतांवर निकाल, म्हणून एकेका मताला भाव. आणि आपण घरी बसलो की त्याला विकत घ्यायची मतं तेवढी कमी पडतात. म्हणजे आपण त्याचा खर्चच वाचवतो.

निकाल शे-दोनशेवर तरी असतो का? २०१७ च्या मुंबई महापालिकेत प्रभाग २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा, दोघांनाही ५,९४६ मतं पडली. बरोब्बर सारखी. शेवटी चिठ्ठी काढली आणि अतुल शहा नगरसेवक झाले. त्या वर्षी मुंबईत साधारण ५५ टक्के मतदान झालं होतं. प्रभाग २२० मधला जो कुणी त्या दिवशी लोणावळ्याला गेला असेल त्याच्याबद्दल मला फार जवळीक वाटते.

तर, मागच्या रविवारी एकदाचा फॉर्म ८ भरला. पत्ता बदलून नाव इकडच्या यादीत आणायचा हाच फॉर्म. पंधरा मिनिटं लागली, आणि मी पंधरा वर्षं घालवली. हे काम निवडणूक लागल्यावर करून उपयोग नसतो. डिसेंबरच्या पालिका निवडणुकीला १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी वापरली होती. म्हणजे जुलैनंतर जागे झालेले सगळे बाहेर. फॉर्ममध्ये आधार नंबराचा रकाना आला तेव्हा हसू आलं. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं होतं. पंतप्रधान आले होते, एका दिवसात टेंभली जगाला कळली.

संध्याकाळी अप्पांना फोन करून सांगितलं, नाव नंदुरबारहून काढतोय. वाटलं होतं वाईट वाटेल. ते म्हणाले, "ठीक. तिकडं राहतोस, तिकडचं पाणी पितोस." मग थोडं थांबून, "तिकडं किती मतं असतात रे?"

म्हटलं, "प्रभाग चार जणांचा आहे. चार."

"मंग तं बेस शे," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.